नवरात्राची धुणी

राजाबाईनं कडा उतरायच्या दोराची वेटोळी मांडीवर घेतली, एक टोक डाव्या मुठीत आवळलं आणि उजव्या हाताच्या बोटांतून दोर सरकवायला लागली. हे काम ती दर शुक्रवारी करायची, आणि डोळे मिटून करायची. लिफ्टरच्या बोटांना डोळे असतात, असं तिचे व्हॉलीबॉलचे गुरुजी म्हणायचे. चेंडू बोटांवर टेकला की त्याची हवा, त्याची शिवण, त्याच्यावरचा घाम, सगळं कळलं पाहिजे. तरच तो मारणाऱ्या शूटरला नीट उचलून देता येतो. अर्धं आयुष्य चेंडू उचलून दिलेली ती बोटं आज दहाव्या हातालाच अडली. दोर कडक लागत होता. उन्हात वाळलेल्या आतड्यासारखा.

तिनं डोळे उघडले. दोर पांढरा होता.

चार दिवसांपूर्वी ती तालुक्याच्या शालेय स्पर्धांना पंच म्हणून गेली, तेव्हा हाच दोर काळा मिचकूट होता. चार वर्षांचा घाम, कड्याचा मुरूम आणि लोखंडी कड्यांचा कळकटपणा त्याच्यावर चढलेला. आता तो दुधात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. शेजारी दुसरा दोर, तोही तसाच. तिसऱ्या दोराची खुंटी रिकामी होती.

"आई!"

आक्काबाई चुलीपुढून उठून पदराला हात पुसत आली. कॅम्पचा स्वयंपाक, झाडलोट, भांडी, सगळं तीच करायची.

"कामून वरडायलीस?"

"दोर कुणी धुतले?"

म्हातारीच्या तोंडावर शाबासकीची वाट बघणारं हसू आलं. "मी. दुसरं कोण धुनार हितं? घट बसायच्या आधी घरातलं चिंधूक सुदिक धुवावं लागतंय. तंबू धुतले, सतरंज्या धुतल्या, पोरींच्या डोक्यावरच्या त्या टोप्या धुतल्या. मग हे काळे साप तसेच ठिवू व्हय? देवी काय म्हनंल?"

"कशानं धुतले?"

"सोड्यानं घासले, नाय निघालं. साबनानं घासले, हात सोलून निघाले. मग संडासाचं तेजाब टाकलं ड्रमात. दोन बाटल्या. रातभर भिजू दिले. सकाळी बघते तर पांढरेफट! काकासाहेब म्हनले, मावशे, तू तर नवेच आनलेस."

राजाबाईनं दोर मांडीवरून उचलून लांब ठेवला आणि तळहात कपड्यांना नव्हे, मातीला पुसले.

डोंगराच्या कोर्सला गेली होती तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोराचे दुश्मन तीन. धार, आग आणि तेजाब. धार लागलेली दिसते. आग लागलेली दिसते. तेजाब लागलेलं दिसत नाही. वरचं कवच शाबूत राहतं, आतला गाभा मरतो. आणि मेलेला गाभा माणूस लटकल्याशिवाय सांगत नाही की मी मेलोय.

खुलताबादच्या वर, म्हैसमाळच्या अंगाला काकासाहेबांचा हा कॅम्प. ऐंशी फुटांचा कडा, खाली बाभळी आणि फुटके काळे दगड. शहरातल्या शाळांच्या पोरी यायच्या, कमरेला पट्टे बांधून कडा उतरायच्या, फोटो काढायच्या, पिठलं-भाकरी खाऊन जायच्या. उतरायला एक दोर. आणि दुसरा दोर पोरीच्या कमरेला बांधून वर राजाबाईच्या हातात. पहिला तुटला तर दुसरा. दुसरा कशासाठी असतो ते पोरींना कुणी सांगत नाही, आणि सांगायची कधी वेळ आली नव्हती. आता दोन्ही दोर एकाच ड्रमात रात्रभर भिजून निघाले होते. उद्या सकाळी अडतीस पोरी यायच्या होत्या.

आणि त्यांना घेऊन द्वारका यायची होती, त्यांची क्रीडाशिक्षिका.

काकासाहेबांची जीप चारच्या सुमाराला आली. हा डोंगर एके काळी धनगरांच्या चराईचा. राजाबाईच्या आज्यानं इथं मेंढरं बसवली होती. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कागद नवे झाले, आणि नव्या कागदावर काकासाहेबांच्या आज्याचं नाव कसं लागलं हे विचारायला धनगरांपैकी कुणाला लिहिता येत नव्हतं. आता त्याच डोंगरावर आक्काबाई मावशी झाली होती आणि राजाबाई इन्स्ट्रक्टर. काकासाहेब वाईट बोलायचे नाहीत. त्यांना तशी गरजच पडायची नाही.

त्यांनी जीपच्या बॉनेटवर फोन ठेवला आणि गॉगल कपाळावर चढवला.

"काय राजाबाई, कसे दिसतात रोप? फोटो टाकला मी शाळेच्या ग्रुपवर. हेडमास्तरीण खूश."

"हे दोर वापरायचे नाहीत."

"म्हणजे?"

"तेजाबात भिजलेत. आतून गेले असतील."

"असतील? म्हणजे तुला माहीत नाही."

"दिसत नाही. तेच तर भ्यायचं."

काकासाहेब हसले. "तुला दिसत नाही, मला दिसत नाही, मग पोरींना कुठून दिसणार? अगं, दोन बाटल्या तेजाब आन् ड्रमभर पाणी. एवढ्यानं काय होतंय? चल, बघूनच घेऊ."

त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. वाळूचं पोतं आणलं, दोराच्या टोकाला बांधलं, कड्याच्या अलीकडच्या अंजनाच्या फांदीवरून टाकून वर ओढलं. पोतं अधांतरी फिरत राहिलं. काकासाहेबांनी त्याला दोन लाथा घातल्या. दुसऱ्या दोराचंही तेच केलं. दोन्ही दोरांनी पोतं धरलं.

"धरलं का नाही?"

"टोकाच्या दोन हात दोरानं धरलं. सगळा दोर पन्नास मीटर आहे."

"आता मीटर मीटरला पोतं बांधू? राजाबाई, आठ शाळांचं बुकिंग आहे या हंगामाचं. पहिलीच शाळा परत पाठवली की बाकीच्या सात कुठं जातील सांग. आपून सगळेच बसू मग खाली बकऱ्या राखत."

तिला रिकामी खुंटी आठवली.

"तिसरा कुठंय?"

"फर्दापूरला. मेव्हण्याच्या कॅम्पवर उद्या गर्दी आहे, त्याला एक कमी पडत होता. कालच पाठवला जीपमधून."

"तोबी धुतलेलाच?"

"मग काय पाहुण्याकडं मळका पाठवू? त्याचं तो बघून घेईल. तू तुझं बघ."

राजाबाईनं पोत्याची गाठ सोडायला घेतली. तिच्यापुढं दोन दोर होते, अडतीस पोरी होत्या. फर्दापूर तीन तालुके पलीकडं होतं. ती गोष्ट तिथंच राहिली.

काकासाहेबांचा आवाज खाली आला. असा आवाज खाली आला की समजावं, आता खरं बोलणं. "एक सांगू? समजा, उद्या तू बोललीस त्या मॅडमला. बोल. पण काय सांगशील? दोर कुणी नासवले? तुझ्या आईनं. मी सांगितलं नव्हतं तिला. पोलिसात गेलं तर तिचं नाव जाणार, कॅम्पचं नाही. या वयात म्हातारीला खुलताबादच्या ठाण्यात बसवायची का?"

आक्काबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता.

"असं कर," काकासाहेब म्हणाले, "उद्या पहिली तू उतर. पोरी बघतील. तू उतरलीस म्हणजे दोर चांगला. नसला चांगला, तर... पण चांगलाच आहे."

"उतरते," राजाबाई म्हणाली.

ही काही बहादुरी नव्हती. न बोलता वेळ मारून न्यायची ती एक रीत होती, आणि ती तिला आजची नव्हती.

तात्यासाहेब गुरुजींनी गावच्या खळ्यावर दोन बल्ल्या रोवून नेट बांधलं, तेव्हा राजी अकरा वर्षांची होती. मेंढरांमागं हिंडून पिंढऱ्या घट्ट झालेल्या, बोटं लांब. गुरुजींचा एकच कायदा होता. नेटला अंग लागलं तर शिट्टीची वाट बघायची नाही, आपण होऊन हात वर करायचा. पंचाला दिसो न दिसो. "पंच आंधळा असतो पोरींनो," गुरुजी म्हणायचे, "तुम्ही आंधळ्या नसता." राजी हात वर करायची. जिल्ह्याला केला, विद्यापीठाला केला. लोक हसायचे, ही धनगराची पोर स्वतःच्याच टीमचा पॉइंट घालवते.

मग चितेगावच्या एका कारखान्यानं बायकांची टीम काढली. सहा जणींना नोकरी. राजी लिफ्टर, द्वारका शूटर. द्वारका पैठणकडच्या शेतकऱ्याची, भुवई उडवत बोलणारी, ताडमाड. तिची उडी बघायला कामगार शिफ्ट सोडून यायचे. तिला देशाच्या सराव शिबिराचं पत्र आलं, त्याच महिन्यात राज्याची फायनल होती. फायनलच्या आठ दिवस आधी राजीचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. आतून काहीतरी कटकट वाजायचं. डॉक्टरकडं जायचं म्हणजे चिठ्ठी यायची, चिठ्ठी आली की टीममधून नाव जायचं, नाव गेलं की नोकरी. तिनं आक्काबाईच्या लुगड्याची पट्टी फाडून गुडघ्याला करकचून बांधली, वरून नीकॅप चढवली. वरून काहीच दिसत नव्हतं.

तिसऱ्या सेटला तिनं उडी मारून चेंडू उचलला. चेंडू सोन्यासारखा गेला. ती मात्र खाली येताना गुडघ्यातून दुमडली आणि नेटपाशी आडवी झाली. वरून द्वारका खाली येत होती. द्वारकाचा डावा पाय राजीच्या बरगडीवर पडला आणि घोट्यात वाजला. तो आवाज राजीनं अंगातून ऐकला.

सगळे म्हणाले, नशीब. द्वारकाही म्हणाली. दोन वर्षांनी कारखान्यानं टीम बंद केली, पोरींना गेटबाहेर काढलं आणि मैदानावर गोदाम बांधलं. द्वारका शिकून शाळेत क्रीडाशिक्षिका झाली. राजी डोंगराचा कोर्स करून इथं आली. गुडघा आधीच गेला होता हे तिनं कुणाला सांगितलं नाही. हात वर केला नाही. शिट्टी वाजली नव्हती ना.

उन्हं कलल्यावर काकासाहेब गेले. आक्काबाई आली आणि राजाबाईशेजारी उकिडवी बसली. तिनं दोराचा एक पदर उचलला, नाकाशी नेला, मग जिभेला लावला. आयुष्यभर लोकरीची, अंबाडीची दावी वळलेली बाई होती ती. कुठलं दावं किती दिवस टिकेल हे तिला वासानं कळायचं.

"आंबट लागतंय," ती म्हणाली. आणि थुंकली.

राजाबाईनं तिच्या हातातून दोर काढून घेतला.

"मी केलं व्हय गं हे?"

"तुला काय माहीत आई."

"म्या चांगलं म्हनून केलं. देवीसाठी केलं."

"जा, भाकरी करपायली."

"तू उतरनार उद्या?"

"उतरले की झालं. मपलं वजन काय, पोत्यापेक्षा थोडं जास्त."

म्हातारीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. उजव्याच. मग उठून गेली. जाताना तिनं कुडाला खोचलेला विळा काढून घेतला, गवताला जाताना घेते तसा.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. खालच्या वस्तीवर पत्रावळी मांडलेल्या, आणि कावळे काही केल्या खाली येत नव्हते. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची काळी चादर लोंबत होती, तिच्यावरून ते नुसते घिरट्या घालत होते. नऊला पाच-दहा मिनिटं कमी असताना बस आली.

"राजे!"

द्वारका उतरली. केस पिकलेले, गळ्यात शिट्टी, डावा पाय किंचित ओढत चालणारी. तिनं राजाबाईला मिठीच मारली आणि पाठीत धपाटा घातला.

"वाळलीस की गं. काकासाहेब खायला घालतात का नुसतं हवेवर ठेवतात?"

"हवा फुकट आहे मॅडम," काकासाहेब म्हणाले. पोरी खिदळल्या.

"पोरींनो, इकडं या. ही राजाबाई. हिच्यासारखी लिफ्टर मराठवाड्यात झाली नाही. मी डोळे झाकून उडी मारायची. वर गेले की चेंडू तिथं असायचाच. आज ही वर दोर धरणार आहे, म्हणून मी तुमच्या आयांना बिनघोर शब्द देऊन आले. कुणी घाबरायचं नाही."

"मग तुम्ही इंडियाकडून का नाही खेळलात, मॅडम?" पुढच्या एकीनं विचारलं.

"पाय मोडला ना. हिचा गुडघा ऐन वेळी गेला आन् मी पडले हिच्यावर. दोघींचं एका मिनिटात वाटोळं." द्वारका हसली. "नशिबाला कोण काय करणार? चला, बुटाच्या नाड्या बांधा."

राजाबाईनं तिचा दंड धरला. "द्वारके, जरा इकडं ये."

"काय गं?"

द्वारका तोंडाकडं बघत उभी राहिली. तीच उंच भुवई. काकासाहेबांनी घसा खाकरला. चुलीपाशी आज आक्काबाई दिसत नव्हती. चूल पेटलेलीही नव्हती. राजाबाईला ते दिसलं, पण कळलं नाही.

"आधी मी उतरून दाखवते," ती म्हणाली. "मग पोरी."

"एवढंच ना? मला वाटलं, काय सांगतीस. उतर की. मी टाळ्या वाजवते."

राजाबाई सामानाच्या खोलीकडं गेली. पाय नेहमीपेक्षा हळू पडत होता. दार उघडं होतं. तीनही खुंट्या रिकाम्या होत्या.

ती तिथंच उभी राहिली. सुटले एकदाची, असं तिला वाटून गेलं. आणि तिला त्याची लाज वाटली.

मागून काकासाहेब आले. खुंट्यांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "कुठं लपवलेस?"

"मी नाही लपवले."

"राजाबाई, मला खेळवू नकोस. बस दारात उभी आहे."

बाहेर पोरींचा गलका झाला. एक पोरगी कड्याच्या अलीकडच्या उतारावरून खाली बोट दाखवत होती. "मॅडम, बघा ना, त्या बकऱ्यांच्या दोऱ्या कशा मस्त पांढऱ्या आहेत!"

उतारावर आक्काबाईच्या बकऱ्या बांधलेल्या होत्या. तीस-पस्तीस तरी. दिवसा बकऱ्या कुणी बांधत नाही, दिवसा त्या चरायला मोकळ्या असतात. पण आज एकेक बकरी एकेका झुडपाला होती आणि एकेकीच्या गळ्यात सहा-सात हात पांढरंशुभ्र दावं होतं. त्यांच्या मधोमध दगडावर आक्काबाई बसलेली. मांडीवर विळा. शेवटच्या तुकड्याला ती गाठ मारत होती.

काकासाहेब उतार घसरतच उतरले. मागं राजाबाई, गुडघा धरून.

"मावशे! काय केलंस हे?"

"दावी केली." आक्काबाईनं मान वर केली नाही. "आमोशा हाय. जनावर लांब जाऊ नाय आज."

"पन्नास-पन्नास मीटरचे रोप कापलेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"म्याच नासवले, म्याच कापले. पोरीला कायबी बोलू नका. ठान्यात न्यायचं तर मला न्या, मी लुगडं बदलून आलेय."

खरंच, ती धुतलेलं लुगडं नेसून बसली होती.

काकासाहेबांचा हात वर गेला. मारायला गेला की नुसताच गेला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्या हाताला एक काळा बोकड बुजला आणि उडी मारून पळाला. दावं ताणलं गेलं. बारीकसा आवाज झाला, ज्वारीचं वाळलेलं धाट मोडावं तेवढाच. बोकड चार उड्या मारून पुढं गेला आणि थांबला. आपण सुटलो कसे हे त्यालाच उमगलं नसावं. गळ्यात वीतभर पांढरं टोक लोंबत होतं. बाकीचं झुडपाला.

वरती पोरी हसल्या.

काकासाहेब झुडपापाशी गेले. तुटलेलं टोक त्यांनी अंगठा आणि बोटात धरून चोळलं. धागे निघाले नाहीत. पिठासारखं काहीतरी त्यांच्या बोटांना लागलं. त्यांनी ते पँटीला पुसलं, पुन्हा पुसलं.

"पोत्याला तर धरलं होतं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

राजाबाईनं ते टोक बघितलं. मग दुसऱ्या बकरीचं दावं हातात घेऊन ओढलं. ते तुटलं नाही. तिसरं ओढलं. तेही नाही. ती आईकडं वळली, आणि बोलताना तिचा आवाज तिलाच परका लागला.

"आई, तेजाब ड्रमात ओतलंस ना? पान्यात?"

"एक बाटली पान्यात. दुसरी नीट वरून ओतली, जितं लई काळं हुतं तितं."

"ह्या दोन्हीवर?"

"ह्याच्यावर जराजरा." आक्काबाईनं विळा बाजूला ठेवला. "तिसरा लई काळा हुता. निम्मीच्या वर त्याच्यावरच गेली."

बकऱ्यांच्या खुरांचा तेवढा आवाज. वर एका पोरीनं चेंडू काढला होता. ठप, ठप, कुणीतरी नवशिकी सर्व्हिस मारत होती.

काकासाहेबांनी खिशातून फोन काढला. नंबर लावला आणि कानापर्यंत नेलाच नाही. हातात धरून त्याच्याकडं बघत राहिले.

"मेव्हणा आठला चालू करतो," ते म्हणाले.

साडेनऊ वाजले होते.

राजाबाईनं त्यांच्या हातातून फोन घेतला. त्यांनी घेऊ दिला. काल दुपारी हाच फोन जीपच्या बॉनेटवर पडलेला होता, तिच्या हातापासून वीतभर. तिनं तो कानाला लावला. घंटी वाजत होती. वाजून वाजून बंद पडली. तिनं पुन्हा लावला. उतारावर रेंज जात-येत होती, म्हणून ती एका काळ्या दगडावर चढली, दुखऱ्या पायावरच भार देऊन, आणि तिला दुखलं नाही.

"राजे! काय झालं गं?"

द्वारका वरून उतारावर यायला लागली होती. डावा पाय जपत, दगड बघत. मागं पोरी रांगेनं उभ्या, डोक्यावर धुतलेल्या टोप्या.

राजाबाईनं हात वर केला. थांब म्हणून नव्हे. सरळ, कानाला दंड लावून, पंजा उघडा.

द्वारका जागच्या जागी उभी राहिली. तो हात तिनं वीस वर्षांत बघितला नव्हता. तिनं नकळत आजूबाजूला बघितलं, नेट कुठंय असं. मग राजाबाईच्या गुडघ्याकडं. मग स्वतःच्या पायाकडं. तिची उंच भुवई हळूहळू खाली आली.

पलीकडं फोन उचलला गेला. हॅलो कुणी म्हणालं नाही. नुसता पुष्कळ माणसांच्या एकदम बोलण्याचा आवाज येत होता.

राजाबाईनं वर केलेला हात खाली घेतला नाही.